हम्प्टा पासला वापरलेले वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज: बऱ्याच महिन्यांनंतर

शूज घेऊन आता बरेच महिने झाले, मधे हिमाचलमधला हम्प्टा पासचा ट्रेकही झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. हाय अँकल, आत वॉटरप्रूफ मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ थर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

ग्रिप एक नंबर. बालू का घेरा या कॅम्पवरून चढताना सुटे दगड, मधेच कडक बर्फ, कुठे दगा दिला नाही. पण खरी परीक्षा 4270 मीटरचा पास ओलांडल्यावर, पलीकडच्या सियागोरू कॅम्पकडे उतरताना. इतका खडा उतार की पाय शूजमधे पुढे सरकतो आणि अंगठा ठोकत राहतो. मी अर्धा नंबर मोठा घेतलेला, आणि उतार सुरू व्हायच्या आधी टाच मागे दाबून वरच्या हुकांची लेस पुन्हा आवळली, म्हणून नखं शाबूत. ग्रुपमधल्या एकाचे शूज अगदी मापात होते, ट्रेकच्या शेवटी छत्रूला पोचेपर्यंत त्याचे दोन्ही अंगठे काळेनिळे!

आता वॉटरप्रूफबद्दल. ओलं गवत, चिखल, भुसभुशीत बर्फ, यात पाय कोरडे राहिले. नाल्यात मात्र याचा काही उपयोग नाही हो, कारण वरून पाणी शिरलं की तेच मेंब्रेन ते आत धरून ठेवतं. सियागोरूचा नाला सरळ शूज काढून, फ्लोटर्स घालून पार करायचा आणि तोही सकाळीच, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. गार इतकं की पलीकडे पोचल्यावर बोटं आहेत का ते हाताने चाचपून बघावं लागतं.

कापडावरचं कोटिंग मात्र आता गेलंय. आधी थेंब घरंगळायचे, आता कापड पाणी पिऊन जड होतं, आत ओल येत नाही पण घामाची वाफ बाहेर पडत नाही, मग मोजे दमट ते दमटच. स्प्रे मारून बघितला, थोडा फरक पडला.

खरी तक्रार वेगळीच. बोटांपाशी घडी पडते तिथे रबराची पट्टी सुटायला लागलीय. शेकोटीजवळ कधी ठेवले नाहीत, कायम कागद कोंबून सावलीत वाळवले, तरी कंपनीचं उत्तर काय तर ‘नॉर्मल वेअर’. या किमतीत? असो. ग्लू लावून सध्या चाललंय.

आणि लेस आल्या आल्या बदला, गुळगुळीत गोल आहेत, सारख्या सुटतात.