लिलो अँड स्टिच (२००२): नानीसाठी बघा

डिस्नेचा हा अ‍ॅनिमेशनपट मुलांना दाखवायचा का, असं शाळेतले पालक विचारतात तेव्हा मी लगेच हो म्हणते आणि जोडीला एक विनंती करते: मुलांना लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसा. निळ्या अंगाचा, मोठ्या कानांचा, दिसेल ते चावणारा स्टिच मुलांना आवडणारच, त्याला माझ्या शिफारशीची गरज नाही. पण या गोष्टीत लिलो नावाच्या छोट्या मुलीची थोरली बहीण आहे. तिचं नाव नानी, वय १९. आईवडील गाडीच्या अपघातात गेलेत, घर तिच्या अंगावर पडलंय, हॉटेलात वेट्रेसची नोकरी कशीबशी टिकून आहे आणि बालकल्याण खात्याचा माणूस दारात उभा आहे. माझ्या लेखी हा चित्रपट तिचा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दूरच्या आकाशगंगेत जुंबा नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एक प्राणी बनवलाय, प्रयोग क्रमांक ६२६. मोडतोड करणं एवढंच त्याला येतं. तो यान पळवून पृथ्वीवर हवाई बेटांतल्या काउआईवर कोसळतो आणि कुत्र्यांच्या आश्रयगृहात जाऊन पडतो. लिलोला मैत्रिणी नाहीत, म्हणून नानी तिला कुत्रा घ्यायला तिथेच आणते. लिलो नेमका हाच निवडते आणि त्याचं नाव स्टिच ठेवते. फी दोन डॉलर. लिलो हटून बसते की पैसे मीच भरणार, आणि ते दोन डॉलर नानीकडूनच उसने घेऊन भरते. या दोन डॉलरच्या पावतीकडे लक्ष ठेवा. शेवटी अख्ख्या आकाशगंगेच्या अध्यक्षबाई स्टिचला न्यायला येतात तेव्हा लिलो तीच पावती पुढे धरते आणि सांगते की याला नेलंत तर ती चोरी होईल. कायद्याचा माणूस कायद्यानेच अडतो, आणि सहा-सात वर्षांच्या पोरीचं म्हणणं मोठ्यांना ऐकावं लागतं. वर्गातली मुलं या जागी दरवेळी टाळ्या वाजवतात.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे या चित्रपटातले रंग मी दरवेळी नव्याने बघते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी माझी मुलं पोस्टर कलर सोडायला तयार नसतात, कारण बिघडलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय नाही. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडावा लागतो, आणि तो कुठे सोडायचा हे ब्रश टेकवायच्या आधी ठरवावं लागतं. डिस्नेच्या सुरुवातीच्या चित्रपटांच्या पार्श्वभूमी जलरंगात असत. १९४१ च्या 'डम्बो'नंतर मात्र त्यांनी मोठ्या चित्रपटांसाठी ते माध्यम जवळजवळ सोडूनच दिलं. 'लिलो अँड स्टिच'ला ते साठ वर्षांनी परत आणलं गेलं आणि त्यासाठी चित्रकारांना ते नव्याने शिकावं लागलं. काम चाललं होतं फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या स्टुडिओत, मुख्यालयापासून दूर. खर्च सुमारे ८ कोटी डॉलर, म्हणजे डिस्नेच्या त्या काळातल्या मोठ्या चित्रपटांपेक्षा बराच कमी. त्याच वर्षी आलेल्या 'ट्रेझर प्लॅनेट'वर १४ कोटी खर्च झाले आणि तो पडला.

जलरंगाने काय साधलं ते गावाच्या दृश्यांत बघा. चित्रकारांची तुकडी काउआईवर जाऊन आली होती, आणि चित्रपटातलं गाव तिथल्या हानापेपेवरून घेतलंय. जुन्या लाकडी दुकानांच्या पाट्या, ओल्या रस्त्यावरचा उजेड, डोंगरउतारावर खांबांवर उभं असलेलं घर. सावल्या काळ्या नाहीत, निळसर-जांभळ्या आहेत, आणि त्यांच्या कडा कागदावर पाणी पसरावं तशा विरत जातात. पर्यटनाच्या जाहिरातीत हवाई नेहमी चकचकीत असते. इथे मात्र तिथे राहणाऱ्या माणसांची हवाई आहे. पाऊस आहे, दमट भिंती आहेत, नोकऱ्या कमी आहेत आणि पर्यटक जिकडेतिकडे आहेत. लिलो त्या उन्हाने भाजलेल्या पर्यटकांचे फोटो काढून आपल्या खोलीच्या भिंतीवर लावते. कोणाच्या तरी सहलीचं ठिकाण असलेल्या गावात वाढणाऱ्या मुलीचा हा सूड मला फार खरा वाटतो.

पात्रांचं रेखाटनही तितकंच जपलेलं आहे. ख्रिस सँडर्स आणि डीन डिब्लॉइस हे दोघे दिग्दर्शक. स्टिच हे पात्र सँडर्सने १९८० च्या दशकातच मुलांच्या पुस्तकासाठी कल्पिलं होतं, आणि स्टिचचा आवाजही त्याचाच. त्याच्या हाताला गोल, खाली जड होत जाणारे आकार येतात. बाकीच्या चित्रकारांनी ती शैली अंगी बाणवली, म्हणून माणसं आणि परग्रहवासी एकाच कुळातले वाटतात. यानंसुद्धा देवमासे आणि खेकड्यांसारखी आहेत, त्यामुळे आकाश आणि समुद्र यांच्यात फार अंतर उरत नाही. आणि नानी! तिच्या मांड्या भरलेल्या आहेत, पोटऱ्या जाड आहेत, ती धावते तेव्हा पाय जमिनीवर आपटतात. माझ्या सातवी-आठवीच्या मुली वहीत मुलगी काढतात ती काडीच्या कमरेची. त्यांना मी नानी थांबवून दाखवते आणि म्हणते, वजन कुठे आहे ते शोधा. तिच्या खोलीत 'मुलान'चं पोस्टर आहे, तेही दाखवते. 'मुलान' याच ऑरलँडोच्या स्टुडिओत तयार झाला होता.

आता भांडणाचं दृश्य. बालकल्याण खात्याचा कोब्रा बबल्स घरी येतो. अंगाने प्रचंड, काळा चष्मा, बोटांच्या पेरांवर स्वतःचं नाव गोंदलेलं. त्याआधी लिलोने दार आतून खिळे ठोकून बंद केलंय आणि ती एल्विसची रेकॉर्ड लावून जमिनीवर पडलीय. नानी बाहेरून ओरडतेय. भेटीचं जे व्हायचं ते होतं. तो गेल्यावर बहिणी जुंपतात, नानी ओरडते की आपल्या खोलीत जा, आणि लिलो वरून ओरडते की मी खोलीतच आहे. मुलं इथे खदखदून हसतात. मग नानी पिझ्झा घेऊन वर जाते. लिलो विचारते, आपलं कुटुंब मोडलंय का? नानी आधी नाही म्हणते, मग म्हणते थोडंसं, मग म्हणते कदाचित बरंच. लिलो तिला सांगते की आईपेक्षा तू मला बहीण म्हणूनच जास्त आवडतेस. एवढं साधं, खरं संभाषण लहान मुलांच्या विनोदी चित्रपटात मी क्वचितच ऐकलंय. कोणी रडत नाही, कोणी उपदेश करत नाही, पिझ्झा खात खात दोघी बोलतात. आपल्याकडे बाप लवकर गेलेल्या घरात थोरली ताई धाकट्यांचं करते आणि तिला कोणी विचारत नाही की तुझं काय. हा चित्रपट विचारतो.

नानीचा आवाज टिया कॅरेरेचा, ती होनोलुलूची. तिच्या मागे मागे असणाऱ्या भल्या डेव्हिडचा आवाज जेसन स्कॉट लीचा, तोही हवाईत वाढलेला. स्थानिक बोलण्याची ढब यावी म्हणून दोघांनी संवादांत मदत केली, आणि इंग्रजीत ऐकलं तर ते जाणवतं. लिलोला ताब्यात घेतलं जाणार हे कळल्यावर नानी आदल्या रात्री तिला जवळ घेऊन 'अलोहा ओए' म्हणते. हे गाणं हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिचं. १८९३ मध्ये तिला गादीवरून खाली खेचलं गेलं. हे ठाऊक असलं तर त्या रात्रीचा निरोप आणखी खोल जातो. नसलं तरी काही अडत नाही, नानीचा आवाज पुरेसा आहे.

हसायला काय आहे? भरपूर. पृथ्वीचा नाश करू नका कारण ते डासांचं अभयारण्य आहे, असं परग्रहावरचा पृथ्वीतज्ज्ञ प्लीकली गंभीरपणे सांगतो. डेंग्यूच्या दिवसांत आमच्या वर्गात यावर जो हशा पिकला, तो फ्लोरिडात बसलेल्या लेखकांना ऐकवायला हवा होता. लिलो दर गुरुवारी समुद्रातल्या एका माशाला पीनट बटरचं सँडविच नेऊन देते, कारण तो मासा हवामान ठरवतो अशी तिची खात्री आहे. एकदा घरात पीनट बटर नसतं, टुना तेवढा असतो, आणि माशाला मासा कसा खायला घालायचा या पेचात तिला नाचाच्या वर्गाला उशीर होतो. आईवडील पावसात गेले, हे पुढे कळतं. तेव्हा सँडविचचा विनोद तोच राहतो, पण मुलगी हवामानाची मनधरणी का करते ते समजतं.

सगळंच जमलंय असं नाही. सुरुवातीचा अवकाशातला भाग गोंगाटाचा आहे, आणि चार वर्षांखालची मुलं त्या बंदुकांनी बिचकतात. शेवटचा पाठलाग लांबतो. मूळ आराखड्यात या पाठलागात एक पळवलेलं प्रवासी विमान होनोलुलूच्या इमारतींमधून जायचं होतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते बदलून डोंगरांतून जाणारं अवकाशयान करण्यात आलं. निर्णय योग्यच होता, पण गंतू नावाचा राक्षसी कप्तान तिथे नुसता धावतो आणि ओरडतो. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि पुरस्कार जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या इंग्रजी आवृत्तीतली नायिका चिहिरो आणि इथली लिलो, दोघींचा आवाज एकाच मुलीचा आहे, डेव्ही चेस हिचा.

राहिला प्रश्न २०२५ च्या खऱ्या नटांच्या आवृत्तीचा. तिने शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली, त्यामुळे मुलं आधी तीच मागतात. लिलो झालेली छोटी मुलगी गोड आहे, आणि टिया कॅरेरेला समाजसेविकेच्या भूमिकेत बघून आनंद झाला. पण तिथे नानी शेवटी शिकायला सॅन दिएगोला जाते आणि लिलो शेजारच्या आजीकडे राहते. नानीला स्वतःचं आयुष्य मिळावं ही इच्छा माझीही आहे. फक्त त्यासाठी बहिणींना घर सोडायला लावणं मला पटलं नाही. जुन्या चित्रपटात सगळे मिळून मोडलेलं घर पुन्हा बांधतात. जुंबा आणि प्लीकलीही तिथेच राहतात, नानीच्या अंगावरचं ओझं वाटून घेणारी माणसं वाढतात. तिला हवं होतं ते हेच. शिवाय संगणकावरच्या केसाळ स्टिचमध्ये सँडर्सच्या रेषेचा जडपणा नाही, आणि जलरंग तर नाहीतच.

दोन्ही बघायचे असतील तर आधी २००२ चा बघा. पाच वर्षांपुढच्या मुलांना चालेल, अपघाताचा उल्लेख आला की त्यांचे प्रश्न येतील, तेव्हा जवळ असा. ८५ मिनिटांचा आहे, रविवारी जेवणाआधी आरामात होतो. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका, नव्या घरातले दिवस त्या चित्रांत आहेत.