‘मानसिक आजारही कव्हर आहे’ म्हणतात, पण किती रकमेपर्यंत?

माझ्या बहिणीच्या आरोग्य विम्यात आमची जी फसवणूक झाली ती इतर कुणाची होऊ नये, म्हणून लिहितेय.

पॉलिसी १० लाखांची. घेताना एजंट छातीठोकपणे म्हणाला होता, "ताई, आता कायदाच झालाय, डिप्रेशनसुद्धा कव्हर होतं." कायदा झालाय हे खरं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शारीरिक आजारासाठी विमा ज्या धर्तीवर मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारासाठीही द्यायचा, असं त्याचं कलम २१(४) सांगतं. विमा नियामक आयआरडीएआयनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्या कंपन्यांना तसं कळवलं.

एजंटने सांगितलं नाही ते पॉलिसीच्या मागच्या तक्त्यात बारीक अक्षरांत होतं: मानसिक आजारांसाठी मर्यादा ५० हजार. म्हणजे डेंग्यू झाला, अपेंडिक्स काढलं तर पूर्ण १० लाख, आणि तीव्र नैराश्याला त्याचा विसावा हिस्सा!

बहिणीचं खाणंपिणं सुटलं तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी तिला दाखल करून घेतलं. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, कॅशलेस नाकारलं. कारण दिलं, "ओपीडीत उपचार शक्य होते." जिने पाण्याचा घोटही घेणं थांबवलं होतं तिच्याबद्दल, तिला न बघता! बिल आम्ही भरलं. मग क्लेम केल्यावर तीच कंपनी ५० हजार द्यायला तयार झाली, मात्र ‘फुल अँड फायनल’, म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर सही हवी होती. दाखल करायची गरजच नव्हती, तर हे ५० हजार तरी कशाचे? मला याचा आजही संताप येतो.

आम्ही सही केली नाही. तुम्हीही घाईने करू नका. नकाराचं कारण लेखी मागा, फोनवरचं तोंडी उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. दाखल का करावं लागलं हे डॉक्टरांकडून केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात रुग्णाच्या बाजूने निकाल दिलाय, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करा.

नवी पॉलिसी घेत असाल तर एजंटला एकच विचारा: मानसिक आजाराला सब-लिमिट, म्हणजे वेगळी कमी मर्यादा, आहे का? उत्तर ईमेलवर घ्या. पॉलिसी हातात आल्यावर तक्ता वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

आमची तक्रार लोकपालांकडे दाखल आहे, सुनावणी व्हायची आहे.