बाबांचं मृत्युपत्र, प्रोबेट आणि आमचे वकील: 11 महिन्यांनंतर

बाबांचं मृत्युपत्र कपाटातल्या फाइलमध्ये सापडलं. मी वकिलांशी फोनवर बोलत होते आणि झेरॉक्स काढायची म्हणून भाऊ पिन उचकटायला बसला होता. वकील म्हणाले, "आधी त्यांना थांबवा. मूळ प्रतीची पिन काढायची नाही." कागदावर जादा भोकं दिसली की एखादं पान बदललंय का, अशी शंका निघते आणि शपथपत्रावर खुलासा करत बसावं लागतं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला मिळवण्यासाठी, बाहेरची मोठी फर्म घ्यावी की रोज इथल्याच कोर्टात उभे राहणारे वकील, यावर घरात बरीच चर्चा झाली. इथले घेतले ते बरं झालं. कोणत्या कागदावर हरकत निघते, हे त्यांना पाठ होतं. बाबांचं नाव मृत्युपत्रात पूर्ण, बँकेत आद्याक्षरांचं आणि घराच्या कागदांवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. त्यांनी तिन्ही नावं अर्जातच घातली आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र जोडलं. त्यावर एकही हरकत आली नाही.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी असलेली व्यक्ती, मी. प्रोबेट मिळालं की लगेच वाटप, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. पण आधी देणी, कर आणि खर्च भागवायचे, मग उरलेलं वारसांना. घाईने वाटून टाकलं आणि मागाहून एखादा घेणेकरी उभा राहिला, तर एक्झिक्युटरला पदरचे पैसे भरावे लागू शकतात. हे वकिलांनी भावांना समोर बसवून समजावलं. "पैसे का अडवून ठेवलेस?" हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही. माझ्या तोंडून ते कोणाला पटलं नसतं.

तक्रारही आहे. मध्ये दोन महिने त्यांच्याकडून काहीच कळलं नाही, फोनही उचलत नव्हते. फी लेखी ठरली होती, पण स्टॅम्प आणि नोटिशीचा खर्च वेगळा, हे बिल आल्यावर समजलं. सुरुवातीलाच विचारून घ्या.

बाबांच्या मृत्युपत्रात 'उरलेली मिळकत कोणाला' हे कलमच नव्हतं. नंतर उघडलेली एक ठेव त्यामुळे वारसा कायद्याने वाटावी लागली. म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्याकडूनच माझं मृत्युपत्र करून घेतलं. ते कलम आहे, पर्यायी एक्झिक्युटरही आहे. साक्षीला जिवलग मैत्रीण येणार होती. वकिलांनी विचारलं, "यात त्यांना काही ठेवलंय का?" आईच्या बांगड्या तिलाच ठेवल्या होत्या. मग तिच्याऐवजी शेजारीण आली, आणि सह्या होईपर्यंत मैत्रीण बाहेरच्या बाकावर बसून राहिली.