ट्रायकोग्रामाची जात ओळखताना: सूक्ष्मदर्शक, डीएनए की संकर?

दोन ठिकाणांहून आणलेले ट्रायकोग्रामा (इतर किडींच्या अंड्यांत वाढणारे चिमुकले कीटक) एकाच जातीचे आहेत का, हे ठरवायचे असेल तर आधी एक पाहा: कीटक जिवंत आहेत की मेलेले? मेलेल्यांसाठी सूक्ष्मदर्शक आणि डीएनए एवढेच मार्ग उरतात; जिवंत असतील तर संकर, म्हणजे दोन्हीकडच्या नर-मादीची जोडी लावून पाहणे, हाही मार्ग असतो.

सूक्ष्मदर्शकाचा मार्ग सर्वांत स्वस्त. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या या परोपजीवी कीटकाचा रंग तापमानानुसार बदलतो, म्हणून रंगावर विसंबू नये. नराच्या जननेंद्रियाची रचना पाहावी. कीटकशास्त्रज्ञ सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६०च्या दशकाअखेरीस बंगळुरूत या रचनेला संकरचाचण्यांची जोड दिली. मात्र मादी हाती असेल तर हा मार्ग तोकडा पडतो.

डीएनए झटपट उत्तर देतो, पण कोणता तुकडा वाचला यावर ते अवलंबून असते. ट्रायकोग्रामा मिन्यूटम आणि ट्रायकोग्रामा प्लॅटनेरी या दोन जातींच्या आयटीएस-२ या डीएनएच्या तुकड्यात फरक आढळला नाही. संकरात मात्र त्यांचे जुळत नाही.

म्हणूनच कीटक जिवंत असतील तर माझा कौल संकराला. ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली इतर किडींची (परजीवित) अंडी सुटी करून एकेका नळीत ठेवा, म्हणजे मादी कुमारी मिळेल. मग चार जोड्या लावा: दोन आपापल्या वसाहतीतल्या आणि दोन उलटसुलट. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. त्यामुळे संततीत फक्त नर आले, तर संकर झालाच नाही असे समजावे. माद्या आल्या तरी थांबू नका. पहिल्या पिढीतले नर संकरित नसतातच, त्यांच्याकडे फक्त आईची जनुके असतात. संकरित लेकींना होणारे मुलगे जगतात का, हे पाहिल्याशिवाय निकाल पुरा होत नाही.

सर्वांत मोठा धोका कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूचा. नासोनिया व्हिट्रिपेनिस आणि नासोनिया जिराल्टी या दुसऱ्या परोपजीवी कीटकांच्या दोन जातींतला संकर तोच अडवतो. प्रतिजैविक देऊन जिवाणू काढला की संकरित माद्या जन्मतात. तरीही त्या दोन जाती वेगळ्याच आहेत, कारण पुढच्या पिढीतले संकरित नर मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून जिवाणूची तपासणी आधी करा, जोड्या नंतर लावा. काही ट्रायकोग्रामा वसाहतींत तर याच जिवाणूमुळे कुमारी मादीलाही लेकीच होतात. तिथे उपचाराविना केलेल्या संकराचे निष्कर्ष फसवे ठरतात.

आणि चाचणी संपल्यावर आईबाप फेकू नका. अल्कोहोलमध्ये जपून ठेवले, तर त्याच कीटकांचा डीएनए नंतर वाचता येतो.