नेटलोगो: जाळं कसं वाढतं ते डोळ्यासमोर दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर

५ पैकी ४.५ स्टार. अर्धा स्टार कुठे कापला ते खाली येईलच, पण ज्या कोणाला नेटवर्क हा विषय शिकायचा किंवा शिकवायचा असेल त्यांनी हे आजच उतरवून घ्या, एक रुपया लागत नाही. मी दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स शिकवते, पोरंपोरी आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात, घरी कापूस-सोयाबीन. त्यांना पॉवर लॉ, म्हणजे थोडे फार मोठे आणि बाकी पुष्कळ लहान अशा वाटपाचा नियम, फळ्यावर लिहून दाखवला की वहीत उतरतो आणि तिथेच राहतो, पण यात एकदा चालवून दाखवला की मधल्या सुट्टीतही त्यावरच बोलत बसतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

नेटलोगो उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये सुरू केलं, पुढे ते अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत वाढलं, ओपन सोर्स आहे. कल्पना साधी, स्क्रीनवर पुष्कळ छोटे छोटे जीव असतात, त्यांना टर्टल म्हणतात, प्रत्येकाला एक-दोन नियम द्यायचे आणि सगळे मिळून काय घडवतात ते पाहत बसायचं. आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे हे ऑफलाइन चालतं. एकदा कॉम्प्युटरवर टाकलं की तयार मॉडेल्सची लायब्ररी आतच असते, जावा वेगळं टाकावं लागत नाही, मग दिवसभर रेंज नसली तरी काम अडत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे आणि तिच्यातलं मॉडेल एका एचटीएमएल फाइलमध्ये सेव्ह करून पेन ड्राइव्हवर देता येतं. लॅबमध्ये लाइट गेली की पोरं लॅपटॉपभोवती गोळा होतात आणि तास पुढे चालू.

आता मुद्द्याचं. मॉडेल्स लायब्ररीत नेटवर्क्स नावाचा फोल्डर आहे, त्यात प्रेफरेन्शियल अटॅचमेंट उघडा. सेटअप दाबलं की दोन ठिपके, म्हणजे तेच टर्टल, आणि मध्ये एक रेघ. गो दाबलं की दर पावलाला एक नवा ठिपका येतो आणि जुन्यांपैकी कोणाला तरी एका रेघेने जोडून घेतो, बस एवढंच, दुसरं काही नाही. थोडा वेळ काही विशेष दिसत नाही आणि मग हळूहळू दोन-चार ठिपके असे फुगतात की त्यांच्याभोवती रेघांची गर्दी आणि बाकी सगळे कडेला एका रेघेवर लटकलेले. रिसाइझ नोड्स दाबलं की ज्याच्याकडे जोड जास्त तो ठिपका मोठा दिसतो, पोरं यालाच सगळ्यात जास्त दाद देतात. बाजूला डिग्रीचा आलेख वाढत राहतो, डिग्री म्हणजे एका ठिपक्याला किती जोड ते.

माझ्या वर्गातला एक पोरगा बघता बघता बोलला, "मॅडम, मोठा तो मोठाच होऊन राह्यला न, बाकीच्यायले कोणी इचारतच नाही." नेमकं हेच.

पण हे होतं कसं ते कळायला कोड टॅब उघडा, घाबरू नका, कोड चिमूटभर आहे. नवा ठिपका जोडीदार कसा शोधतो त्याची एकच ओळ आहे आणि ती सांगते की आतापर्यंतच्या रेघांपैकी कुठलीही एक उचल आणि तिच्या दोन टोकांपैकी एक घे. कोण मोठा कोण लहान हे त्या ओळीत कुठे विचारलेलंच नाही! तरी मोठ्याला जास्त मिळतं, कारण ज्याला १० रेघा आहेत तो १० रेघांच्या टोकाला बसलेला आहे, त्यामुळे डोळे मिटून रेघ उचलली तरी तो हाताला लागायची शक्यता एक रेघवाल्यापेक्षा १० पट. मी वर्गात कृषी केंद्राचं उदाहरण देते. पेरणीच्या तोंडावर नवा माणूस गावात शेती करायला आला, त्याला कुठे माहीत कोणतं दुकान मोठं, तो पानठेल्यावर जो पहिला भेटेल त्याला विचारतो, "बियाणं कोठून घेतलं बाप्पा?" आणि तिथे जातो. त्याने कुठलीही तुलना केली नाही, फक्त एका माणसाला विचारलं, पण ज्या दुकानाची गिऱ्हाइकं जास्त, त्याचंच गिऱ्हाईक पानठेल्यावर भेटायची शक्यता जास्त, म्हणजे दुकान आपोआप गिऱ्हाइकांच्या प्रमाणात निवडलं गेलं. माल चांगला की वाईट हा प्रश्न यात कुठे आलाच नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर जिनेस्त्रा बियान्कोनी आणि बाराबासी या नेटवर्कवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये वेगळं मॉडेल मांडलं, त्यात प्रत्येक ठिपक्याला आपली स्वतःची गुणवत्ता असते आणि उशिरा आलेला पण चांगला माणूस जुन्याला मागे टाकू शकतो.

आता खरी मजा. त्या एका ओळीच्या जागी इंग्रजीत रिपोर्ट वन-ऑफ टर्टल्स (report one-of turtles) एवढं लिहा, म्हणजे नवा ठिपका जुन्यांपैकी कोणालाही समान संधीने जोडला जाईल. जाळं तसंच वाढतं, ठिपके तेवढेच, रेघा तेवढ्याच, पण चित्र एकदम वेगळं. हिशोब असा: मूळ नियमात एकच जोड असलेले ठिपके दीर्घकाळात दोन तृतीयांश होतात, समान संधीच्या नियमात निम्मे. हा फरक तसा किरकोळ वाटतो, खरी गोष्ट शेपटीत आहे, म्हणजे खूप जोड असलेल्या मोजक्या ठिपक्यांत. १००० ठिपक्यांचं जाळं धरा, १० किंवा जास्त जोड असलेले ठिपके मूळ नियमात सरासरी १८ च्या आसपास, समान संधीत जेमतेम २. आणि २० किंवा जास्त जोड बघायला गेलं तर मूळ नियमात ४-५ सापडतात, दुसऱ्यात सापडणं जवळजवळ अशक्य, कारण तिथे दर एका जोडामागे संख्या निम्मी होत जाते. पहिला पॉवर लॉ, त्याची शेपटी लांब; दुसरा घातांकी, तो झपाट्याने खाली येतो. वाढ दोन्हीकडे आहे, म्हणजे नुसत्या वाढीने महाकाय ठिपके तयार होत नाहीत, वाढ आणि पक्षपात, म्हणजे ज्याला जास्त त्यालाच आणखी, दोन्ही लागतात, बाराबासी आणि रेका आल्बर्ट यांच्या १९९९ च्या पेपरचा गाभा हाच. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतः एक ओळ बदलून बघणं वेगळं.

अजून एक गोष्ट करून बघा, ठिपक्याचं वय आणि जोड यांचा संबंध. मूळ नियमात डिग्री साधारण वर्गमुळाने वाढते, म्हणजे जाळं १००० चं झालं तेव्हा १० व्या नंबरला आलेल्याकडे सरासरी १० जोड आणि २५० व्या नंबरला आलेल्याकडे फक्त २. समान संधीत १० व्याकडे साडेपाचच्या आसपास आणि २५० व्याकडे २.४. म्हणजे उशिरा येणाऱ्याचं नुकसान पक्षपाताच्या नियमात जास्त होतं, हे आकडे दिसले की वर्ग गप्प होतो, कारण पहिल्या पिढीत कॉलेजला आलेल्या पोरांना उशिरा येणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

कल्पना तशी जुनी आहे बरं का. यूल यांनी १९२५ मध्ये एका वंशात किती जाती असतात यावर असंच गणित मांडलं, हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये ते शब्दांच्या वापरापासून शहरांच्या लोकसंख्येपर्यंत नेलं, डेरेक प्राइस यांनी १९६५ मध्ये शोधनिबंध एकमेकांचे हवाले कसे देतात ते तपासलं आणि १९७६ मध्ये त्याचं गणित लिहिलं. बाराबासींना हे वेबपेजच्या जोडण्यांमध्ये दिसलं आणि मग विषयाला पूर आला.

त्याच फोल्डरमधली जायंट कॉम्पोनंट आणि स्मॉल वर्ल्ड्स ही मॉडेल्सही बघा. पहिल्यात ठिपके ठरलेले असतात आणि रेघा कशाही टाकत जायच्या, एर्डश आणि रेनी या गणितज्ञांचं हे गणित, रेघा ठिपक्यांच्या निम्म्या झाल्या की एकदम एक मोठा गठ्ठा तयार होऊ लागतो, तो क्षण आलेखात बघण्यासारखा आहे. दुसरं वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांचं १९९८ चं, तेही छान आहे पण माझ्या पोरांना पहिलं जास्त आवडतं.

आता अर्धा स्टार. एक तर या मॉडेलमध्ये प्रत्येक नवा ठिपका एकच रेघ घेऊन येतो, त्यामुळे जाळं म्हणजे झाड होतं, त्यात एकही त्रिकोण नाही. खऱ्या आयुष्यात माझ्या दोन मैत्रिणी बहुतेक एकमेकींच्याही मैत्रिणी असतात, ती गोष्ट इथे येतच नाही. दोन-दोन रेघा टाकायला कोड बदलता येतो आणि डिग्रीच्या पॉवर लॉचा घातांक तेव्हाही ३ च राहतो, पण नवख्याला ते कोणीतरी करून द्यायला हवं. दुसरं, लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्षांवर लॉग घेतलेला, यात पॉवर लॉ सरळ रेषेसारखा दिसतो) कच्च्या मोजणीचा आहे, शेपटीकडे ठिपके विखरून पडतात आणि डोळ्यांनी सरळ रेषा बघायचा मोह होतो. तो टाळा. मी पोरांना संचयी आलेख काढायला लावते, म्हणजे इतके किंवा जास्त जोड असलेले किती, तो नितळ येतो. तिसरं, ठिपके वाढले की लेआउट, म्हणजे ठिपक्यांची मांडणी, चालू ठेवून मॉडेल हळू होतं, तेव्हा लेआउटचं स्विच बंद करा, आलेख तर येतोच.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगते, हे चालवून झालं की सगळीकडे पॉवर लॉ दिसायला लागतो, तसं करू नका. ब्रॉइडो आणि क्लॉसेट यांनी २०१९ मध्ये हजाराच्या जवळपास खरी जाळी तपासली, पक्का पुरावा फक्त ४ टक्क्यांत मिळाला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. आपल्याच भागातलं रेल्वेचं जाळं बघा, मूर्तिजापूर स्टेशनला मेन लाइनच्या दोन बाजू, एक अचलपूरचा फाटा आणि एक आपल्या दारव्ह्यावरून यवतमाळला येणारा शकुंतला गाडीचा, झाले ४ जोड, आता गाडी बंद पडली ते वेगळं. नागपूर एवढं मोठं जंक्शन तरी तिथे निघणाऱ्या लाइनी बोटांवर मोजता येतात, कारण रुळाला जागा लागते, पैसा लागतो, जमीन लागते, एका स्टेशनला हजार रूळ जोडता येत नाहीत. वेबपेजला हजार लिंक यायला काहीच लागत नाही. म्हणून जाळं कोणतं, त्याला नवा जोड किती खर्चाचा, हे आधी विचारायचं आणि मग मॉडेल लावायचं.

मेनू आणि मदत इंग्रजीत आहे, पण बटणं थोडीच आहेत, मी एका कागदावर मराठीत अर्थ लिहून लॅबच्या भिंतीला लावलाय, पुरतं तेवढं. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी एनडब्ल्यू नावाचं एक्सटेन्शन आहे, त्याने क्लस्टरिंग (शेजारी एकमेकांना किती जोडलेले), बिटवीननेस (किती वाटा एका ठिपक्यातून जातात) वगैरे काढता येतं आणि जाळं ग्राफएमएल फाइलमध्ये बाहेर नेता येतं. बिहेवियरस्पेस हे साधन तर प्रोजेक्टवाल्यांनी वापराच, एकच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून सगळे आकडे फाइलमध्ये टाकतं, कारण एकदा चालवलेलं जाळं दुसऱ्यासारखं येत नाही, कोण मोठा होईल हे दर वेळी बदलतं पण डिग्रीचं वाटप मात्र जवळपास तेच येतं, आणि ते बघायला पुष्कळदा चालवावंच लागतं.

जुन्या लॅपटॉपवर चालतं. फाइल मोठी आहे, म्हणून नेट चांगलं मिळेल तिथून एकदाच उतरवा आणि सगळ्यांना पेन ड्राइव्हने वाटा, लायसन्स वाटायची मुभा देतं. कोणाला त्या बदललेल्या ओळीत एरर आली तर खाली कमेंटमध्ये एररची ओळ जशीच्या तशी टाका, मी बघते.