पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकर: कुणी घ्यावा, कसा वापरावा

संध्याकाळी सहाला वडापावच्या गाडीवर एक हात झाऱ्यावर असतो, दुसरा पावाला चटणी लावत असतो. तेवढ्यात चार गिऱ्हाइकं एकदम फोन पुढे करतात, ‘दादा, पाठवले.’ तेलकट बोटांनी स्वतःचा फोन उघडून कुणाचे आले, कुणाचे नाही हे बघत बसायचं तर कढईतले वडे करपतात. स्कॅनरच्या शेजारी ठेवलेला छोटा स्पीकर विकला जातो तो या अडचणीमुळे. बाकी सगळी जाहिरात. 2023 मध्ये फोनपेनं अमिताभ बच्चन यांचा आवाज आणला, तो कानाला छान वाटतो, पण गाडीवाल्याला आवाज कुणाचा याच्याशी देणंघेणं नसतं. आकडा स्पष्ट ऐकू येतो का, एवढंच तो बघतो.

यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं आणि नोटाबंदीनंतर भाजीच्या पाटीपर्यंत स्कॅनर पोचले. पैसे खरंच आले का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. बँकेचा एसएमएस गर्दीच्या वेळी उशिरा येतो, लहान रकमांचे एसएमएस तर काही बँकांनी बंदच केलेत. हिरव्या बरोबरच्या खुणेचा खोटा स्क्रीन दाखवून निघून जाणारे याच फटीतून घुसले. शिवाय मालकाचा फोन मालकाच्या खिशात आणि गाडीवर कामाला पोरगा, अशी स्थिती निम्म्या ठिकाणी असते. दर गिऱ्हाइकामागे ‘शेठ, आले का?’ म्हणून फोन करणं किती दिवस चालणार? स्पीकरनं हा फोन बंद केला. माझ्या मते तो इतक्या वेगानं पसरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

आत विशेष काही नसतं: एक सिम, बॅटरी, आवाज कमीजास्त करायची बटणं आणि बहुतेक मॉडेलांत शेवटची रक्कम पुन्हा ऐकवणारं एक बटण. गिऱ्हाइकाचा व्यवहार पूर्ण झाला की कंपनीच्या सर्व्हरकडून स्पीकरला निरोप येतो आणि तो रक्कम बोलतो. गिऱ्हाइकाच्या फोनचा इथं काहीच संबंध नाही, म्हणून खोटा स्क्रीन त्याला फसवू शकत नाही. रात्री कुणी तुमच्या स्कॅनरवर स्वतःचा स्टिकर चिकटवून गेला, तरी सकाळच्या पहिल्याच विक्रीला स्पीकर गप्प राहतो आणि चोरी तिथंच उघडी पडते. अर्थात, गप्प राहिल्यावर ‘नेटवर्क नसेल’ म्हणून सोडून दिलं नाही तर.

मराठीत ऐकताना एक खरी अडचण येते. ‘सात’ आणि ‘साठ’ रस्त्याच्या गोंगाटात सारखेच ऐकू येतात, ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’चंही तेच. साठ रुपयांच्या पोह्यांवर कुणी सात टाकले, चुकून का होईना, तर घाईत ते निसटतात. उपाय सोपा आहे: स्पीकर कढईजवळ नको, कानाच्या उंचीवर ठेवा, आवाज पूर्ण ठेवा आणि शंका आली की शेवटची रक्कम पुन्हा ऐकायचं बटण दाबा. कामावरच्या माणसाला मराठी आकडे पटकन कळत नसतील, तर ॲपमधून भाषा हिंदी करून द्या. ऐकणारा तो आहे.

स्पीकर बोलला नाही की दर वेळी बिघाडच असतो असं नाही. गिऱ्हाइकानं स्कॅन न करता तुमच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवले, तर ते बहुधा तुमच्या खासगी खात्यात जातात आणि स्पीकरला त्याचा पत्ता नसतो. गाडीवर दोन-तीन कंपन्यांचे स्कॅनर लटकवणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. कोणत्याही ॲपनं कोणताही यूपीआय स्कॅनर चालतो, तेव्हा एकच स्कॅनर आणि त्याचाच स्पीकर ठेवा. दुसरं कारण नेटवर्क. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरात आत बसवलेल्या सिमला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी कंपनीच्या प्रतिनिधीकडून त्याच जागी एक रुपयाचा व्यवहार करून बघा.

गिऱ्हाइकाचे कापले गेले आणि तुमच्याकडे आलेच नाहीत, तर भांडू नका, त्याच्या ॲपमधला 12 आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. दुकानदाराला न पोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की आवाज चढत नाही.

आता खर्च. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर 2020 पासून दुकानदाराकडून कमिशन घेतलं जात नाही, म्हणून कंपनी पैसे काढते ते भाड्यातून. महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे धरा, म्हणजे दिवसाला चार रुपये. एखादा दोनशेचा खोटा स्क्रीन अडला की महिना वसूल. ज्याच्याकडे दिवसात पाच-सहाच ऑनलाइन गिऱ्हाइकं येतात आणि फोन हाताशीच असतो, त्या टेलरनं किंवा मोच्यानं मात्र घेऊ नये. ॲपमधली साधी घोषणा त्याला पुरते.

घेताना दोन गोष्टी विचारा. पैसे बँकेत लगेच पडतात की दुसऱ्या दिवशी? पहाटे चारला मार्केटात माल उचलणाऱ्या भाजीवालीला हा फरक फार मोठा आहे. स्पीकर बोलला म्हणजे रक्कम खात्यात आली, असं प्रत्येक योजनेत नसतं. आणि भाडं कसं कापतात, रोजच्या जमेतून की बँकेच्या ऑटोपेतून, म्हणजे खात्यातून आपोआप कापायच्या परवानगीतून? ऑटोपे असेल, तर स्पीकर परत केल्यावर तो ॲपमधून वेगळा बंद करावा लागतो. नुसता डबा कपाटात टाकला तर भाडं चालूच राहतं. परत करताना प्रतिनिधीकडून पोच घ्या. भाडं कमी करून देतो म्हणून कुणी तुमचा फोन हातात मागितला, तर देऊ नका. पैसे स्वीकारायला पिन कधीच लागत नाही.