महिला निवारा: आत निर्धास्त झोप लागली, पण गेटपर्यंत पोचायची धास्ती

अडीच महिने राहिले इथे. फक्त बायकांसाठीचा निवारा आहे, नाव-पत्ता मुद्दाम देत नाहीये कारण आत कितीतरी जणी कुणापासून तरी लपून आलेल्या असतात. जागा कशी बांधलीय तेवढंच सांगते.

एकच मोठा हॉल नाहीये, सहा-सहा खाटांच्या खोल्या आहेत, प्रत्येक खाटेची डोक्याची बाजू भिंतीला आणि मधे छातीएवढं पार्टिशन, म्हणजे आडवं झालं की आडोसा मिळतो आणि उभं राहिलं की दार दिसतं. रस्त्यावर रात्री काढलेल्या बाईला विचारा याची किंमत, मागून कोण येईल ही भीती अंगात मुरलेली असते. माझ्या शेजारच्या मावशी पहिले चार दिवस पायात चपला घालूनच झोपायच्या, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून. पाचव्या दिवशी पिशवी लॉकरमध्ये गेली, कारण लॉकर खाटेखालीच होता आणि किल्ली त्यांच्याच गळ्यात. लॉकर ऑफिसात असते तर मावशींनी पिशवी हातातून सोडलीच नसती.

बाथरूम अगदी जवळ, आतून भक्कम कडी, रात्रभर मंद दिवा. कपड्यांच्या दोऱ्या आतल्या अंगणात, त्यामुळे आतले कपडे पण लाज न वाटता वाळत घालता येतात. कॅमेरे फक्त गेटला आणि जिन्यात, खोल्यांकडे एकही नाही, हे ज्याने ठरवलं त्याचे खरंच आभार.

१९७४ मध्ये किप टिअर्नन या बाईंनी अमेरिकेत बॉस्टनला रोझीज प्लेस हा बायकांचा निवारा काढला, त्याआधी तिथे बायका जेवणासाठी पुरुषांचे कपडे घालून पुरुषांच्या निवाऱ्यात जायच्या. एवढी वर्षं झाली तरी कितीतरी ठिकाणी पुरुषांच्याच हॉलला पडदे लावून बायकांचा निवारा म्हणतात, म्हणून इथलं काम बघून मला भरून आलं.

पण बाहेर?? बसस्टॉपपासून गेटपर्यंत दहा मिनिटं, एका बाजूला लांबच लांब बंद भिंत, दुसरीकडे पार्क केलेले ट्रक, निम्मे दिवे बंद. ती बंद भिंत निवाऱ्याचीच आहे! तिथे तळमजल्यावर शिवणकामाची खोली काढून रस्त्याकडे खिडक्या ठेवल्या असत्या तर रस्त्यावर उजेडही पडला असता आणि कुणीतरी बघतंय हे पण कळलं असतं. गेट संध्याकाळी सहाला उघडतं, साडेपाचपासून आम्ही फुटपाथवर रांगेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण निरखून बघणार. शेजारचे तक्रार करतात की बायका दारात घोळका करतात, अहो पण थांबायला आत जागाच दिलेली नाही तर करणार काय. गेट थोडं आत घेऊन दोन बाकडी टाकली तर आमची पण सोय आणि त्यांची पण.

सकाळी आठला सगळ्यांना बाहेर काढतात. तापात पण मी दिवसभर चालत होते, जवळपास एक उघडं टॉयलेट नाही, बसायला बाग नाही. रात्री नऊनंतर गेट बंद, मग उशिराच्या शिफ्टवाल्या पोरींनी काम सोडायचं की खाट?

येणार असाल तर अंधार पडायच्या आत या, ट्रकांच्या बाजूने येऊ नका, आणि आल्या आल्या खिडकीजवळची खाट मागा, तिथून गेट दिसतं.